स्थावर, जंगम आणि अक्काचा एक आणा



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पडद्यासमोर बसायला बंदी केली. आता ती उठली आहे. आजचा लेख जरा लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा. नातेवाईक मंडळींना तर विनंती आहे की शेवटपर्यंत वाचा. शेवटी जे लिहिलं आहे ते तुमच्यापैकी काहींना ठाऊक आहे, काहींना नाही.

विषय निघाला तो गेल्या गणपतीत, कोकणातल्या आमच्या घरी. दुपारची जेवणं झाली होती आणि मी ओटीवरच्या झोपाळ्यावर लवंडलो होतो. आमच्या अक्काची नात वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "मामाआजोबा, तुम्ही इतकी वर्षं इतिहास शिकवलात ना? मग सांगा, हा झोपाळा स्थावर की जंगम?"

मी म्हटलं, "हलतोय की. जंगमच असणार."

ती हसली. "आणि त्याच्या कड्या? तुळईत ठोकलेल्या?"

मी उठून बसलो. स्थावर-जंगम हे शब्द मी आयुष्यभर ऐकलेले. नोकरीतल्या फॉर्मांवर, निवडणुकीला उभ्या राहिलेल्यांच्या प्रतिज्ञापत्रांत, सगळीकडे ते जोडीने येतात. स्थावर म्हणजे घरदार-जमीन आणि जंगम म्हणजे पैसाअडका-दागिने, इतकी व्याख्या मला पुरत होती. पोरीने तीच हलवली. नंतरचे दोन-तीन महिने मी वाचत होतो. माझं बीए मराठी माध्यमातलं आणि कायदा तर मी कधी शिकलो नाही, तेव्हा चुकत असेन तर जाणकारांनी कान धरावा.

आधी झोपाळ्याचं उत्तर. आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा. त्यात 'जमिनीला जोडलेलं' म्हणजे काय हे तीन प्रकारांनी सांगितलं आहे. एक, जमिनीत रुजलेलं, म्हणजे झाडंझुडपं. दोन, जमिनीत पाया घालून उभं केलेलं, म्हणजे भिंती, इमारती. आणि तीन, अशा इमारतीला तिच्याच कायमच्या उपभोगासाठी जोडलेलं. खिडक्या-दारं या तिसऱ्या प्रकारात बसतात. एखादी वस्तू स्थावर की जंगम हे ठरवताना न्यायालयं दोन गोष्टी बघतात. ती किती घट्ट बसवली आहे आणि कशासाठी बसवली आहे. या हिशोबाने तुळईतल्या कड्या घराच्या, आणि साखळीसकट काढून नेता येणारी फळी जंगम, असं आम्ही दोघांनी ठरवलं. माजघरात जमिनीत पुरलेलं उखळ स्थावर. त्याच्या शेजारी उभं असलेलं मुसळ जंगम. जातं कुठे बसवायचं यावर मात्र वाद झाला आणि तो चहा येईपर्यंत मिटला नाही.

खरी गंमत पुढे आहे. याच कायद्यात म्हटलंय की उभं इमारती लाकूड, वाढती पिकं आणि गवत ही स्थावरात धरायची नाहीत. १९०८ सालच्या नोंदणी कायद्याने तर जंगमात झाडावरची फळं आणि झाडातला रसही घातला. म्हणजे माड स्थावर आणि त्यातली माडी जंगम! (ती पोटात गेल्यावर चांगला जंगम माणूस स्थावर होतो, पण ते कलम कायद्यात नाही.)

आता आपल्या भाषेत हे शब्द आले कुठून? 'स्था' म्हणजे उभं राहणं आणि 'गम्' म्हणजे जाणं. जुन्या संस्कृत ग्रंथांत साऱ्या सृष्टीचेच हे दोन भाग केलेले आहेत. हलणारे ते जंगम, म्हणजे माणसं, जनावरं, पाखरं. न हलणारे ते स्थावर, म्हणजे डोंगर आणि झाडं. म्हणजे झाड हे मुळात स्थावराचं अगदी घरचं उदाहरण. आणि तेच झाड कायद्याच्या पुस्तकात कधी या खणात, तर कधी त्या खणात.

तो खण कसा ठरतो याचा एक मोठा खटला आपल्याच भागातला आहे, विदर्भातल्या भंडाऱ्याकडचा. शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य, सुप्रीम कोर्ट, १९५८. या शांताबाईंचे यजमान जमीनदार होते. एप्रिल १९४८ मध्ये त्यांनी बाईंना एक कागद करून दिला. २६,००० रुपये घेऊन, आपल्या जंगलातलं इमारती लाकूड, जळाऊ लाकूड, बांबू वगैरे डिसेंबर १९६० पर्यंत तोडून नेण्याचा हक्क दिला. कागदाची नोंदणी मात्र केली नाही. पुढे मध्य प्रदेश सरकारने कायदा करून जमीनदाऱ्या रद्द केल्या आणि १९५१ साली जंगलं सरकारकडे गेली. (विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ च्या नोव्हेंबरात तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, म्हणून खटल्याच्या नावात मुंबई.) बाईंनी झाडं तोडायला घेतली तेव्हा वनखात्याने अडवलं. त्या थेट सुप्रीम कोर्टात गेल्या.

प्रश्न असा की त्यांनी विकत घेतलं ते काय? लाकूड म्हणजे जंगम वस्तू असेल तर नोंदणी नसली तरी चालेल. जमिनीतून मिळणारा लाभ असेल तर तो स्थावर, आणि शंभर रुपयांवरच्या स्थावराच्या विक्रीला नोंदलेला दस्त लागतो. पाच न्यायमूर्तींनी याचिका फेटाळली. त्यांत न्या. व्हिव्हियन बोस होते. नागपूर हायकोर्टाचे ते पूर्वीचे मुख्य न्यायाधीश. त्यांनी वेगळं निकालपत्र लिहून झाड आणि उभं लाकूड यांतला फरक सांगितला. माझ्या शब्दांत तो असा. जे झाड लवकरच तोडायचं आहे, आज तोडलं तर लाकूड म्हणून कामाला येईल अशा अवस्थेला जे पोचलं आहे, ते उभं लाकूड, म्हणून जंगम. पण जे अजून वर्षानुवर्षं मातीतून रस ओढत वाढणार आहे, ते झाड, म्हणून स्थावर. साडेबारा वर्षांच्या मुदतीत जंगल वाढतच राहणार होतं. म्हणून बाईंचा हक्क स्थावराचा, आणि नोंदणी नाही म्हणून कागद निरुपयोगी.

मला हा निकाल वाचून दोन गोष्टी वाटल्या. पहिली, किती सुंदर विचार आहे हा! झाड स्थावर की जंगम हे झाडावर नाही, माणसाच्या मनात काय आहे त्यावर ठरतं. दुसरी, बाईंनी २६,००० रुपये दिले होते आणि कागदही होता. त्या कागदावर कचेरीचा शिक्का तेवढा नव्हता. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मागे जाऊ, नऊशे वर्षं.

आज कर्नाटकात बीदर जिल्ह्यात बसवकल्याण नावाचं गाव आहे. ती चालुक्यांची राजधानी कल्याणी. सहावा विक्रमादित्य तिथे राज्य करत असताना, साधारण ११०० ते ११२५ च्या दरम्यान, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. एका खेड्यात बसून आपले आजे-पणजे वाटण्या करायचे, त्या वाटण्यांमागचा नियम या ग्रंथातला. विज्ञानेश्वर म्हणतो, जंगम मालावर बापाची सत्ता चालेल. प्रेमाने कुणाला काही द्यावं, कुटुंब पोसावं, संकटात खर्चावं. पण स्थावर, मग ते स्वतः कमावलेलं का असेना, त्याने मुलांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही की विकायचं नाही. कारण जे जन्मले, जे अजून जन्मायचे आहेत आणि जे पोटात आहेत, त्या सगळ्यांच्या पोटाची सोय त्या जमिनीत आहे. संकटकाळ, कुटुंबाची गरज आणि धर्मकार्य एवढेच अपवाद. या नियमात स्थावराच्या जोडीला तो 'द्विपद' म्हणजे दोन पायांचे, दासदासीही घालतो. दोन पायांवर चालणारा माणूस जमिनीच्या रांगेत! पुढे १७०५ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीने कायदा करून गुलामांना स्थावर ठरवलं, तेही वाचलं. सहाशे वर्षांचं अंतर, मध्ये समुद्र, आणि माणसाला जमिनीशी बांधायची युक्ती मात्र एकच. शब्दांमागे काय काय दडलेलं असतं.

जमीन हस्तांतराचा विधीही मिताक्षरेत आहे. गावची, भाऊबंदांची, शेजाऱ्यांची आणि वारसांची संमती घ्यायची, आणि सोनं आणि पाणी हातावर देऊन व्यवहार पुरा करायचा. गावाला कळावं म्हणून गाव, आणि बांधावरून भांडण नको म्हणून शेजारी. रजिस्ट्रार कचेरी नव्हती तेव्हा सगळं गावच रजिस्ट्रार होतं.

त्याच कल्याणीत काही दशकांनी महात्मा बसवेश्वर झाले. त्यांनी हेच दोन शब्द उचलले आणि उलटे केले. दगडाचं देऊळ ते स्थावर आणि चालताबोलता भक्त तो जंगम, आणि मोठेपणा जंगमाचा. एकाच गावात एकाने स्थावर कसं टिकवावं ते सांगितलं आणि दुसऱ्याने स्थावर टिकतच नाही ते. मी वर्गात चालुक्य आणि कलचुरी अनेकदा शिकवले, पण ही दोन माणसं शेजारी ठेवून बघायचं मला कधी सुचलं नाही.

आता एक आमच्या घरचा मासला. आमच्या पणजोबांकडे गावचं जोशीपण होतं. म्हणजे पंचांग सांगायचं, मुहूर्त काढायचे आणि त्याबद्दल घराघरातून धान्य, नारळ घ्यायचे. सगळा कारभार पायी. पंचांग काखेत मारून वाड्यावाड्या हिंडायचं. यापेक्षा जंगम मालमत्ता ती कोणती? पण इंग्रजी अमदानीत असली जोशीपणं आणि उपाध्येपणं मुंबई हायकोर्टात गेली आणि कोर्टाने ती स्थावर ठरवली!

त्याला कारण पुन्हा याज्ञवल्क्य. वडिलोपार्जित मालमत्तेचे प्रकार सांगताना त्याने जमीन, निबंध आणि द्रव्य असे तीन शब्द वापरले आहेत. निबंध म्हणजे शाळेतला नव्हे. निबंध म्हणजे बांधून दिलेलं उत्पन्न. विज्ञानेश्वराने उदाहरण दिलंय, अमुक पानमळ्यातून इतकी पानं, अमुक बागेतून इतक्या सुपाऱ्या. वंशपरंपरेचा असा हक्क हिंदू कायद्यात स्थावरासारखा मानला जाई. यात तांत्रिक काथ्याकूट वाटेल, पण पोटाचा प्रश्न होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे स्थावरासाठी दावा लावायला बारा वर्षं मिळत, इतर हक्कांसाठी सहा. ज्याचं जोशीपण भाऊबंदाने आठ वर्षांपूर्वी बळकावलं, त्याला न्याय मिळणार की नाही हे या एका शब्दावर ठरत होतं. गुजरातेतल्या 'तोडा गिरास' या हक्काचा वाद तर १८७३ साली लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. गिरासिये गावांकडून पूर्वी धाकदपटशाने घेत ती ही रक्कम. कौन्सिलने तिलाही स्थावराची बारा वर्षांची मुदत दिली. नोंदणी कायद्याच्या व्याख्येत स्थावर म्हणून 'वंशपरंपरागत भत्ते' आजही लिहिलेले आहेत, ती या निबंधाचीच सावली.

हे सगळं संपलं स्वातंत्र्यानंतर. १९५० साली परगणे आणि कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा झाला, १९५८ साली कनिष्ठ गावकामगारांच्या वतनांचा, १९६२ साली पाटीलकीचा. आमचं जोशीपण त्याआधीच कुणी धान्य घालीना म्हणून संपलं होतं. असो.

इंग्रजांचं स्वतःचं गणित निराळं होतं. ते 'रिअल' आणि 'पर्सनल' म्हणतात, हलणारं आणि न हलणारं नाही. मला वाटायचं, रिअल म्हणजे खरीखुरी मालमत्ता. तसं नाही. लॅटिनमध्ये 'रेस' म्हणजे वस्तू. जुन्या इंग्लंडात कुणी तुमची जमीन बळकावली तर कोर्ट तीच जमीन परत देववी, ती वस्तूच मिळे, म्हणून ती रिअल. गाय नेली तर गायच परत मिळेल असं नाही, त्या माणसाकडून नुकसानभरपाई मिळे, म्हणून ती पर्सनल. यातून भलतेच प्रकार झाले. ९९९ वर्षांचा भाडेपट्टा जमिनीचाच, पण तो जुन्या दाव्यांत बसत नव्हता म्हणून पर्सनल! आणि मृत्युपत्र न करता माणूस गेला की रिअल सगळी थोरल्या मुलाला, तर पर्सनल बायको आणि सगळ्या मुलांत वाटली जाई. हा भेद तिथे १९२५ च्या कायद्यांनी गेला.

बायकांचं तिथे आणखी वेगळं. लग्न झालं की बायकोचं जंगम, म्हणजे पैसे, दागिने, सगळं नवऱ्याचं होई. जमिनीचं उत्पन्न नवरा खाई, पण तिच्या संमतीशिवाय ती विकू शकत नसे. हे बदललं १८८२ साली, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने. म्हणजे तिथल्या बाईच्या हातून आधी जंगम जात होतं.

आपल्याकडे बरोबर उलट. आपल्या बाईला जंगम मिळे. कात्यायन नावाचा स्मृतिकार झाला, साधारण दीड हजार वर्षांपूर्वी. त्याचा ग्रंथ हरवलेला. ठिकठिकाणी विखुरलेली त्याची वचनं आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचे भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी गोळा करून १९३३ साली छापली. त्यात कात्यायन म्हणतो, आईबाप, नवरा, भाऊ, नातलग यांनी बाईला दोन हजार पणांपर्यंत यथाशक्ती स्त्रीधन द्यावं, पण स्थावर वगळून. नारदही तेच म्हणतो. नवऱ्याने प्रेमाने दिलेलं बाईने त्याच्यामागे खुशाल भोगावं, कुणाला द्यावं, पण स्थावर वगळून. विज्ञानेश्वर खरं म्हणजे यांच्यापेक्षा उदार होता. वारशाने आलेलंही त्याने स्त्रीधनात धरलं. पण लोकांच्या मनात राहिले ते दोनच शब्द. स्थावर वगळून.

हे शब्द पुसायला १९५६ साल उजाडावं लागलं. हिंदू वारसा कायद्याचं चौदावं कलम बघा. बाई आपल्या मालमत्तेची पूर्ण मालकीण असं ते सांगतं आणि खाली स्पष्टीकरण जोडतं की मालमत्ता म्हणजे जंगम आणि स्थावर दोन्ही. ते वाचून वाटलं, कुणीतरी थेट कात्यायनालाच उत्तर लिहिलंय.

कायद्यात उत्तर लिहून झालं होतं. घरात काय झालं?

आता शेवटचा भाग. गणपतीतल्या त्या दुपारी, झोपाळ्याची चर्चा संपल्यावर, पोरीने सहज विचारलं, "मग या घरातलं आजीचं स्थावर कुठे गेलं?" मी म्हटलं, "तिला पाटल्या दिल्या होत्या." ती काही बोलली नाही. मलाच माझं उत्तर ऐकू आलं.

अण्णा गेले १९८७ साली. मागे आई, आम्ही दोघे भाऊ आणि थोरली अक्का. अक्काचं सासर सांगलीला. सहा महिन्यांनी गावातल्या जाणत्यांनी सांगितलं की सातबाऱ्यावर फार नावं नकोत, बायकांकडून हक्कसोड करून घ्या. सगळे घेतात. आईने त्या सकाळी देवापुढे हातातल्या दोन पाटल्या उतरवल्या आणि अक्काच्या हातात घातल्या. झालं. जंगमाच्या दानाला कागद लागत नाही, हातातून हातात दिलं की पुरे. मग आम्ही सगळे एसटीने तालुक्याला गेलो. दस्त लिहिणाऱ्याने पाच पानं लिहून ठेवली होती. अक्काने विचारलं, "कुठे करू सही?" मी बोट ठेवलं, "इथे. आणि इथे." आईनेही केली. परत येताना आम्ही तिला साडी-चोळी घेतली. मला वाटलं, सगळं कसं गोडीत झालं.

या दिवाळीपूर्वी मी वही घेऊन बसलो. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने मगदूम कुटुंबाच्या खटल्यात अशा वाटणीची रीत सांगितली आहे. बाप जाण्याच्या क्षणी वाटणी झाली असं मानायचं. आमच्या घरात बाप, आई आणि दोन मुलगे, म्हणजे प्रत्येकी चार आणे. मग बापाच्या चार आण्यांचे वारस आई, दोन मुलगे आणि मुलगी, म्हणजे प्रत्येकी एक आणा. आईचे पाच, आम्हा भावांचे पाच-पाच आणि अक्काचा एक. सोळा आणे पुरे. मुलीला जन्मतः मुलाइतका वाटा महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली आला. पण तो एक आणा १९८७ सालीही तिचा होता. आणि आईने सही केली नसती तर तिच्यामागे तिचे पाच आणे आम्हा तिघांत सारखे वाटले गेले असते. अक्काचे सगळे मिळून दोन आणे आठ पै. म्हणजे बरोबर सहावा हिस्सा.

हे गणित मी १९८७ साली करू शकलो असतो. सातवीच्या मुलांना मी अपूर्णांकही शिकवले आहेत. निकाल तेव्हा नऊ वर्षांचा जुना होता. मी विचारलंच नाही कुणाला. कारण उत्तर माझ्या फायद्याचं नव्हतं.

भाऊबीजेला सांगलीला गेलो. अक्का आता ऐंशी पार आहे, पण डोकं लख्ख. ओवाळून झाल्यावर मी वही उघडून तिच्यापुढे ठेवली. तिने चष्मा लावून आकडे बघितले. मग म्हणाली, "मला आणा माहीत नव्हता. पण काहीतरी आहे एवढं कळत होतं. नाहीतर सही कशाला लागली असती?"

मला बोलवेना. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी तेव्हाही दिलंच असतं रे. नाही कोण म्हणालं असतं? पण तू मास्तर. गावच्या पोरांना वाचायला शिकवलंस. मला त्या पाच पानांतली एक ओळ वाचून दाखवली नाहीस."

पाटल्यांचं विचारलं. त्या १९९३ सालीच मोडल्या, यजमानांच्या आजारपणात. जंगमच ते, चालून गेलं. आणि आमचं घर तिथेच उभं आहे.

मी म्हटलं, धाकट्याचं मला सांगता येत नाही, पण तुझ्या सहाव्या हिश्शातला माझ्याकडे आलेला अर्धा, म्हणजे घराचा बारावा हिस्सा, मी बक्षीसपत्राने तुला देतो. मला वाटलं ती म्हणेल, राहू दे आता, या वयात काय करायचंय. आपल्या गोष्टींतल्या बहिणी असंच म्हणतात. अक्का म्हणाली, "घेईन. पण नोंदवून दे."

जानेवारीत आम्ही तालुक्याला गेलो. कचेरीत आता संगणक आहे, फोटो निघतो, अंगठा यंत्रावर टेकवतात. स्थावराचं बक्षीसपत्र नोंदलेलं लागतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. एक साक्षीदार आमचे शेजारी, मिताक्षरेतल्यासारखे. दस्त सहा पानांचा. अक्काने चष्म्यावर भिंग धरून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. चतुःसीमा वाचल्या, पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. एके ठिकाणी आईच्या नावात चूक होती ती दुरुस्त करायला लावली. पाऊण तास गेला. मागे रांग लागली, कारकून दोनदा म्हणाला, "आजी, आम्ही वाचलंय सगळं." अक्का म्हणाली, "मी नाही वाचलेलं." मी भिंतीला टेकून उभा होतो. मला सदतीस-अडतीस वर्षांपूर्वीचं माझंच बोट दिसत होतं. इथे. आणि इथे.

धाकट्याला हे पटलेलं नाही. "दादा, चाळीस वर्षांनी हे काय काढलंस?" असं तो फोनवर म्हणाला. तो हा ब्लॉग वाचतो. रागावेल. येऊ दे राग. त्याला मी वही पाठवली आहे, गणित तपासायला.

त्या दिवशी तालुक्याहून घरी आलो तेव्हा अक्का झोपाळ्यावर बसली. सगळं घर तिने एकदा नजरेने फिरून पाहिलं आणि मला म्हणाली, "यातला माझा बारावा हिस्सा कुठला रे?"

मी वर तुळईकडे बोट दाखवलं. "त्या कड्या धर."

"आणि फळी?"

"फळी जंगम."

"मग ती नातीला," असं म्हणून तिने पायाने झोका दिला.

तुमच्या घरातले जुने दस्त कधी वाचले आहेत का मंडळी? सह्या आपल्या असतील तरी. एकदा काढून बघा. आणि घरात कुणाला वाचून दाखवायचे राहिले असतील तर तेही करून टाका.

पुढच्या वेळी काहीतरी हलकं लिहीन. डोळा दुखायला लागला.